खांबावरचा दिवा कोणाचा?



आमच्या गावाच्या वेशीवर एक सौर दिवा आहे. आता नुसता खांबच म्हणायचा. कुठल्याशा योजनेतून तो आला, नारळ फुटला, फोटो निघाले. पहिल्या रात्री पोरंसोरं त्याच्याखाली खेळत बसली, म्हाताऱ्या माणसांनी तिथंच बैठक मांडली. दोन-अडीच वर्षं उजेड मिळाला. मग एका पावसाळ्यानंतर दिवा मिणमिणायला लागला आणि पुढं विझला. पेटीतली बॅटरी संपली होती. नवी कोणी आणायची? एकीकडं विचारलं तर म्हणे दिवा योजनेचा. योजनेकडं विचारलं तर म्हणे मुदत संपली. आता त्या खांबाला शेळ्या बांधतात.

मागच्या वर्षी आमच्या बचतगटात विषय निघाला, आपण बायकांनी मिळून गावाच्या मालकीची सौर वीज सुरू करायची का? पिठाची गिरणी, डाळ भरडायचं यंत्र, दूध थंड ठेवायची टाकी, असं काहीबाही त्यावर चालवायचं. निम्म्या जणी म्हणाल्या, करू. निम्म्या म्हणाल्या, आधी वेशीवरच्या खांबाकडं बघा, मग बोला. दोघींचंही खरं होतं. म्हणून आम्ही ठरवलं, की आपल्याआधी हा उद्योग कोणी केला, कुठं टिकला आणि कुठं बुडाला, ते समजून घ्यायचं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी आपल्या घरच्या विजेचं बघू. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. वीज होती ती मोठ्या शहरांत. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० साली, राज्याचं वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगावी खांब आले. सासूबाईंच्या पिढीला घरातला पहिला बल्ब लख्ख आठवतो. पण तार आली म्हणजे वीज आली असं नव्हतं. २००५ च्या आसपास भारनियमन इतकं वाढलं की खेड्यात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची. गिरणीपुढं डबे रांगेत लावून बायका घरी परतायच्या. शेतीपंपाची वीज रात्री यायची, म्हणून घरातला माणूस काळोखात दार धरायला जायचा आणि तो परतेपर्यंत आपला डोळा लागायचा नाही. वीज कधी यायची, किती यायची, काय भावानं यायची, हे ठरवणारं माणूस आपल्याला कधी दिसलं नाही.

मग वीज वापरणाऱ्यांच्याच मालकीची असू शकते का? असू शकते, आणि ही कल्पना जुनी आहे. तिचं एक मोठं उदाहरण लांब अमेरिकेतलं. १९३०-३५ च्या सुमाराला तिथंसुद्धा दहा शेतकऱ्यांपैकी जेमतेम एकाच्या घरी वीज होती. घरं लांब लांब, तार टाकायला खर्च फार, नफा कमी, म्हणून वीज कंपन्या खेड्यात जायला तयार नव्हत्या. १९३५ साली तिथल्या सरकारनं खेड्यातल्या विजेसाठी वेगळं खातं काढलं आणि कर्ज देऊ केलं. शेतकऱ्यांनी पाच-पाच डॉलर भरून संस्था काढल्या, कर्ज घेतलं, खांब रोवले, बिलं वसूल केली आणि कर्ज फेडलं. वीसेक वर्षांत बहुतेक शेतघरांत दिवा लागला. त्यातल्या शेकडो संस्था आजही चालू आहेत.

तोच धडा आपल्या देशानं १९६९ साली गिरवला. त्या वर्षी दिल्लीत ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था काढून बघायचं ठरलं. गुजरातेत कोडिनार, आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौजवळ, कर्नाटकात आपल्या सीमाभागातलं हुक्केरी आणि महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. मुळा आणि प्रवरा या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नद्या. सहकारी साखर कारखान्यांनी तो मुलूख आधीच घडवलेला होता. लोकांना सहकार नवा नव्हता. त्यामुळं संस्था उभी राहायला वेळ लागला नाही. दीडशेहून जास्त गावांना ही संस्था वीज द्यायची. ती वीज स्वतः तयार करत नव्हती. मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना किरकोळ विकायची.

ही संस्था चाळीस वर्षं चालली. ही काही लहान गोष्ट नाही. पण मंडळाची थकबाकी वाढत गेली. महावितरणच्या म्हणण्याप्रमाणं ती शेवटी दोन हजार कोटींच्या वर गेली. संस्थेचं म्हणणं होतं, आम्हाला घाऊक वीजच अशा भावानं मिळते की शेतकऱ्याला परवडेल त्या दरात ती विकता येत नाही. वाद कोर्टकचेरीत गेला, वीज नियामक आयोगापुढं गेला. ३१ जानेवारी २०११ ला संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि तिथला वीजपुरवठा महावितरणकडं गेला.

कोण किती चुकलं हा निवाडा आपण करायचा नाही. पण त्या काळातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. शेतीपंपांची मोठी वीज मीटरवर मोजलीच जात नव्हती, मोटर किती हॉर्सपॉवरची त्यावर बिल लागायचं. मग वीज खरंच किती वापरली, किती गळाली, किती चोरीला गेली, हे कसं कळणार? आपल्या गटात कोणी किती कर्ज घेतलं ते वहीत लिहिलंच नाही आणि वर्षाअखेरीला पेटी रिकामी निघाली, तर दोष कोणाला द्यायचा? त्यातलाच हा प्रकार.

त्याच वर्षीची भावंडं असलेल्या हुक्केरी आणि सिरसिल्ला इथल्या संस्था मात्र आजही वीज वाटतात. त्यांनाही अडचणी आल्या, सरकारांशी भांडणं झाली. पण संस्था राहिल्या. म्हणजे सहकारात वीज चालतच नाही, असं म्हणायला जागा नाही.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत धरणी हलली. लातूरकडं किल्लारी, आपल्याकडं सास्तूर आणि उमरगा-लोहाऱ्याची कितीतरी गावं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तुमच्यापैकी अनेकींच्या घरात त्या पहाटेचं दुःख अजून आहे.

त्या ढिगाऱ्यातून एक नवी गोष्ट उभी राहिली, ती आपल्या कामाची आहे. घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावी बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. कोणाला किती मदत मंजूर, सिमेंट किती लागतं, भिंतीत आडवे पट्टे कुठं घालायचे, हे बायका शिकल्या आणि घरोघरी सांगू लागल्या. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आणि तिच्या प्रेमा गोपालन पुढं होत्या. कधी उंबऱ्याबाहेर न बोललेल्या बायका अधिकाऱ्यासमोर कागद घेऊन उभ्या राहिल्या. पुढं त्याच बायकांचे बचतगट झाले, गटांचे संघ झाले.

याच बायका नंतर ऊर्जेच्या धंद्यात उतरल्या. सौर कंदील, बिनधुराच्या चुली, पाणी शुद्ध करायची भांडी त्यांनी गावोगावी विकली. नुसतं विकलं नाही, बिघडल्यावर दुरुस्तीलाही त्याच गेल्या. या संस्थेला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं. आपल्या भागातल्या बायकांचं काम जगानं बघितलं, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण त्या काळातला एक कडू अनुभवही सांगायला हवा. २००६ च्या सुमाराला एका मोठ्या कंपनीची नवी चूल आली. खाली लहानसा पंखा, आत पिकाच्या काडीकचऱ्यापासून दाबून केलेल्या कांड्यांचं जळण. धूर नाही, स्वयंपाक झटपट. बायकांनी हौसेनं घेतली आणि विकली. पण कांड्या कंपनीच्याच कारखान्यातून यायच्या. पुढं त्याच काडीकचऱ्याला कारखानदारीतून मागणी वाढली, कांड्यांचा भाव चढला, आणि कितीतरी घरांतली चूल माळ्यावर गेली. चूल आपली होती, जळण दुसऱ्याच्या हातात होतं.

इथं आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, सूर्याचं तरी बरं, त्याचा भाव कोणी वाढवत नाही. खरं आहे. पण सौर विजेतही ‘जळण’ असतंच, ते म्हणजे बॅटरी आणि दुरुस्ती. काचेची तावदानं, म्हणजे पॅनेल, वीस-पंचवीस वर्षं टिकतात. नेहमीची शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांत संपते. आमच्या वेशीवरचा दिवा सूर्य मावळला म्हणून विझला नाही. बॅटरीसाठी कोणी पैसे साठवले नव्हते म्हणून विझला.

ज्यांनी साठवले त्यांची गोष्ट ऐका. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात दरेवाडी नावाची डोंगरातली वस्ती आहे. घरं एकोणचाळीस. महावितरणची तार तिथं पोचली नव्हती. २०१२ साली तिथं ९.४ किलोवॅटचं सौर वीजघर उभं राहिलं. पैसा बॉश कंपनीनं दिला, उभारणी पुण्याच्या ग्राम ऊर्जा या संस्थेनं केली, पण चालवायला गावाचाच विश्वस्त मंडळ झाला. घरोघरी मीटर बसवले. वीज फुकट नाही, दर महिन्याला बिल. एका युनिटचा दर सरकारी विजेपेक्षा महागच ठेवला. का? कारण त्यातूनच देखभाल करणाऱ्या गावातल्या माणसाचा पगार आणि पुढच्या बॅटरीचा निधी निघायचा होता. हे गावासमोर आधी उघड मांडलं गेलं. गिरणी चालली, पोरांचा अभ्यास चालला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१४ साली, बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावात असंच, पण कितीतरी मोठं वीजघर उभं राहिलं. शंभर किलोवॅटचं. देशभर गाजावाजा झाला. पण मोठमोठी उपकरणं त्यावर चालत नव्हती, आणि लोक म्हणू लागले, आम्हाला खरी वीज हवी. थोड्याच काळात गावात सरकारी वीज आली, ती स्वस्तही होती. लोक तिकडं वळले. सौर विजेची वसुली आटली, बॅटऱ्या बसल्या, बदलल्या गेल्या नाहीत. काही वर्षांनी तिथं गेलेल्यांनी लिहिलं, की वीजघराच्या जागेत आता गुरं बांधतात. ते वाचलं तेव्हा आमच्या बैठकीत क्षणभर कोणी बोललं नाही. सगळ्यांना वेशीवरच्या शेळ्या आठवल्या.

दोन्हीकडं पॅनेलं सारखीच होती, सूर्यही तोच. फरक आम्हाला दोन ठिकाणी दिसला. एक, सरकारी वीज आली तर आपण काय करायचं, हा विचार आधी व्हायला हवा होता. दुसरा, पैसे कोण गोळा करतं, कुठं ठेवतं आणि सगळ्या गावाला ते दिसतं का.

आणि मैत्रिणींनो, हे दुसरं काम आपल्याला येतं! बचतगटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशेब. वीजघर चालवायचं म्हणजे याहून निराळं काय करायचं? महिन्याला मीटर वाचायचे, बिल फाडायचं, पैसे बँकेत भरायचे, थकलेल्याचं नाव बैठकीत वाचायचं, बॅटरीचे पैसे हात न लावता बाजूला ठेवायचे. पाना-पक्कड चालवणारा माणूस चार महिन्यांत तयार होतो. कोण थकलंय हे नातं न बघता वाचून दाखवणारी बाई तयार व्हायला दहा वर्षं लागतात. ती आपल्या गटात तयार आहे.

राजस्थानात डुंगरपूरच्या बायकांनी हे करून दाखवलं आहे. तिथल्या बचतगटांच्या बायकांनी मुंबईच्या आयआयटीच्या मदतीनं आधी सौर दिवे जोडायला घेतले. मग २०१७ साली ‘दुर्गा’ नावानं स्वतःची कंपनी काढली आणि सौर पॅनेल बनवायचा कारखाना टाकला. मालकी बायकांची. आणि आपल्याच राज्यात सातारा जिल्ह्यातली पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ साली महाराष्ट्रातलं पहिलं सौरग्राम ठरली. शंभरेक घरांची वाडी, सगळी घरं सौर विजेवर.

आता हे सगळं आजच का बोलायचं? कारण आपल्या जिल्ह्यात वीज आता शेतातच उगवू लागली आहे. वाशी-भूमकडच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. सौर प्रकल्पांसाठी जमिनी मागायला माणसं येतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत भाड्यानं दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये ठरलेत, दरवर्षी थोडी वाढही आहे. पडीक रानाला एवढं भाडं वाईट नाही. पण भाडं जातं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? आणि जिला जमीनच नाही, तिच्या शेळीचं कुरण मात्र कुंपणाच्या आत जातं. माळ आपल्या गावचा, ऊन आपल्या गावचं, आणि आपण तारेखालून नुसत्या बघत बसायचं का?

यात दुसरी वाटही आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कुसुम योजनेत अर्धा ते दोन मेगावॅटपर्यंतचा सौर प्रकल्प सहकारी संस्था, ग्रामपंचायत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीलाही उभारता येतो आणि वीज महावितरणला विकता येते. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते आणि खर्च कोटींत जातो. तेवढी उडी एका गटाला झेपणार नाही. पण गटांच्या संघानं विचारसुद्धा करू नये, इतकी ती लांब नाही. तोवर लहान सुरुवात करता येते.

लहान सुरुवातीचा हिशेब आम्ही बैठकीत खडूनं मांडला. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतं. समजा चाळीस घरं आहेत आणि प्रत्येक घरानं महिन्याला १०० रुपये नुसते बॅटरी-दुरुस्तीच्या निधीत टाकले. महिन्याचे ४ हजार, वर्षाचे ४८ हजार, पाच वर्षांचे २ लाख ४० हजार. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा ‘खांबाकडं बघा’ म्हणणाऱ्या बायकाही पुढं सरकून बसल्या. त्यांचं एकच म्हणणं होतं, हे पैसे लग्नकार्याला उसने द्यायचे नाहीत. तो ठराव आम्ही तिथंच लिहून घेतला.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण विकणारा माणूस ती सांगायला विसरतो. छतावरची सौर वीज सरकारी तारेला जोडली आणि सोबत बॅटरी नसेल, तर गावची वीज गेली की तुमची सौर वीजही बंद पडते. ऊन टळटळीत असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ती सोय केलेली असते. तेव्हा बिल कमी करायचंय का वीज गेल्यावर उजेड हवाय, हे आधी ठरवा. बिल कमी करायचं तर तारेला जोडा, बॅटरीचा खर्च वाचतो. उजेड हवा तर बॅटरी घ्या आणि तिचा निधी पहिल्या महिन्यापासून काढा. धरनईला जे झालं ते आपल्याकडं होऊ नये, तर सरकारी तार आपली वैरीण नाही, शेजारीण आहे असं धरूनच बेत करावा लागेल.

आमच्या गटानं अजून पॅनेल घेतलेलं नाही. आम्ही आधी वही घेतली. तिच्यात चार गोष्टी लिहिल्या. मालकी कोणाच्या नावावर. मीटर कोण वाचणार. निधीच्या खात्यावर कोणा दोघींच्या सह्या. आणि तीन महिने थकलेल्या घराचं काय करायचं, ते घर अध्यक्षबाईंचं असलं तरी. चौथ्यावर तीन बैठका भांडण झालं. तुमच्याकडंही होईल. होऊ द्या. पॅनेल बसल्यावर भांडण्यापेक्षा ते आधी झालेलं बरं.

आणि वेशीवरच्या खांबाचं? तो आम्ही ग्रामपंचायतीकडं ठराव करून देखभालीसाठी मागितला आहे. वर्गणीतून बॅटरी घ्यायची ठरली आहे. मिळाला तर पहिला दिवा तोच लावू. तुमच्या गावातही असा एखादा खांब असेल. पुढच्या बैठकीला जाताना त्याच्याखालून जा आणि बैठकीत विचारा, हा दिवा कोणाचा?